न आलेली मुलं

मुदखेडच्या अंगणवाडीताईंच्या फोनमध्ये आज पोषण ट्रॅकर आहे. मुलाची उंची, वजन त्यात भरता येतं. पण ताईंना दिलेलं प्रशिक्षण कामी आलं का, ते कसं मोजणार?

१९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या. माँटेसरी पद्धतीचा जवळपास दोन दशकांचा अनुभव, सोबत अनुताई वाघ. तरी दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग शाळाच त्यांच्या अंगणात गेली. आधी आंघोळ, मग धडे. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया. सरकारनं १९७५ च्या बालविकास योजनेत उचललेली ‘अंगणवाडी’ ती हीच.

२०२३ पासून ‘पोषण भी पढाई भी’ची प्रशिक्षणं सुरू झाली. किती ताई शिकल्या, हा आकडा डॅशबोर्डवर सहज येतो (असले डॅशबोर्ड बनवणं माझंच काम). बोर्डीत हिशेब सुरू झाला तो न आलेल्या मुलांपासून.