घोडा, पालखी आणि मशिदीतले जोडे

अठराव्या शतकातल्या दिल्लीचा जो इतिहास आम्ही शाळेत शिकलो आणि आता शिकवतो, तो बादशहांचा. औरंगजेब १७०७ साली वारला, नादिरशहाने १७३९ साली शहर लुटले, मागोमाग अब्दाली आला. या धामधुमीत साध्या शिपायाला पगार मिळत होता की नाही, मदरशातल्या मुल्लाच्या घरी चूल पेटत होती की नाही, हे त्या पुस्तकांत नसते. ते आम्हाला सापडले उर्दूच्या हजोत आणि शहरआशोबात. हजो म्हणजे टवाळी करणारी कविता, आणि शहरआशोब म्हणजे उद्ध्वस्त शहराची कैफियत.

टवाळी स्वस्त नव्हती. जाफर जटल्लीने फर्रुखसियरच्या नाण्यावरील शाही मजकुराचे विडंबन केले, त्यात गहू, मठ, वाटाणा असली धान्ये आणली, आणि त्यापायी १७१३ साली त्याला जीव गमवावा लागला, असे तजकिरे सांगतात. बादशहाला धान्याची आठवण करून देणे एवढे महाग पडले.

त्यानंतरचा मोठा हजोकार मिर्झा सौदा. त्याचा 'तजहीक-ए-रोजगार' हा कसिदा एका घोड्यावर आहे. मालकाला शंभर रुपयांची नोकरी, पण घोड्याला ना दाणा, ना वैरण, ना मोतद्दार. बिचारा रात्री आकाशातल्या चांदण्यांना दाणे समजून वर पाहत राहतो. खाटीक मालकाला विचारतो, आमची आठवण कधी काढणार? एक नवरदेव त्याच्यावर बसून वरातीला निघाला, तो मुलीच्या दारी पोहोचेपर्यंत म्हातारा झाला. पुढे मराठे दिल्लीपर्यंत येतात आणि मालकाला याच घोड्यावर बसून लढाईला जावे लागते. शेवटी तो जोडे हातात घेतो, घोडा बगलेत मारतो आणि शहराकडे पळत सुटतो. आपल्याकडच्या वाचकाला मराठ्यांचा हा उल्लेख गंमतीचा वाटेल. पण सौदाचा रोख मराठ्यांवर नाही, ज्याच्या पाठीवर बसायचे त्यालाच उपाशी ठेवणाऱ्या मालकावर आहे. सल्तनत का बुडाली याची लांबलचक कारणे आम्ही परीक्षेसाठी पाठ केली होती. त्यातले एक मोठे कारण या घोड्याच्या बरगड्यांवर मोजता येते.

शहरआशोबात सौदा घोड्यावरून माणसांकडे येतो. शिपायाची तलवार घरी आहे, पण ढाल वाण्याकडे गहाण पडली आहे, कारण जनावराला चारा हवा. आणि मुल्ला? पगार दोन रुपये. दिवसभर पोरे शिकवायची आणि रात्री घरखर्चाचा हिशोब मांडत बसायचे. इथे आम्ही शिक्षक मंडळी जरा जास्तच वेळ थांबतो.

तरीही सौदा अमीर-उमरावांच्या आश्रयाने जगला, लखनौला १७८१ साली वारला तोही दरबारी कवी म्हणूनच. मुहम्मद हुसेन आझाद यांनी 'आब-ए-हयात'मध्ये लिहिले आहे की, कोणावर राग आला की सौदा आपल्या गुंचा नावाच्या नोकराला कलमदान आणायला सांगे. गुंचा ते सतत बरोबर घेऊन फिरत असे. या गुंचाला पगार वेळेवर मिळत होता का, हे मात्र आझाद सांगत नाहीत.

नजीर अकबराबादी (१७३५–१८३०) या बाबतीत आम्हाला अधिक जवळचा वाटतो. आगऱ्यात मुले शिकवून पोट भरणारा माणूस. त्याचा 'आदमीनामा' आम्ही वर्गात शिकवतो तेव्हा मुले हमखास हसतात ती मशिदीच्या कडव्याला: नमाज पढणारा माणूस, तिथले जोडे चोरणाराही माणूस आणि त्या चोरावर नजर ठेवणाराही माणूसच. समतेचा धडा म्हणून ही नज्म शिकवायची आणि पुढे जायचे, अशी पद्धत आहे. आम्हीही काही वर्षे तेच केले. पण पालखीचे कडवे नीट वाचावे. कोणी हुक्का, कोणी सुरई, कोणी धन्याचे जोडे बगलेत मारून धावतो आहे, भोई पालखी खांद्यावर घेऊन पळत आहेत. आणि आत जो आहे तोही माणूसच, असे नजीर म्हणतो. मात्र तो आत बसला आहे असे म्हणत नाही, पडला आहे म्हणतो. एवढे सगळे धावतात, एकटा तोच पडून आहे. शिवी एकही नाही, तक्रारही नाही. ही नज्म समतेची खरीच, पण धावणारे कोण आणि पडलेला कोण, हे ती लपवत नाही.

हे झोंबल्याशिवाय राहिले नसावे. नवाब मुस्तफा खान शेफ्ता यांनी 'गुलशन-ए-बेखार' या तजकिऱ्यात नजीरचे शेर बाजारी लोकांच्या तोंडी आहेत, म्हणून त्याला कवींमध्ये धरता येत नाही, असा निकाल दिला. जे नवाबांना दोष वाटले, त्यावरच हबीब तन्वीर यांनी १९५४ साली दिल्लीत 'आगरा बाजार' हे नाटक उभे केले. त्यातल्या काकडीवाल्याची काकडी खपत नाही. काकडीवर चार ओळी लिहून द्या म्हणून तो कवींच्या मागे फिरतो. प्रतिष्ठित मंडळी त्याला हाकलून देतात. लिहून देतो तो नजीर. तो मात्र संपूर्ण नाटकात रंगमंचावर एकदाही येत नाही. त्याच्या नज्मा गात फकीर येतात, आणि काकडी विकली जाते.