डोह, तळे आणि मरळीची पिल्ले

वऱ्हाडच्या आग्नेय कोपऱ्यातील ज्या मुलखाला १८६४ साली इंग्रजी अंमलात स्वतंत्र जिल्ह्याचे रूप आले, जो काही काळ वणीच्या नावाने ओळखला गेला आणि ज्याचे यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये कायम झाले, त्याचा इतिहास सांगू लागले की कापूस, ज्वारी, सागवान आणि जमाबंदी यांतच सांगणाऱ्याची निम्मी वही भरून जाते. पाण्याकडे त्याची नजर वळते ती पर्जन्यमानाचे आकडे द्यावयाचे म्हणून. आणि त्या पाण्यात वाढणाऱ्या पिल्लांकडे तर ती सहसा वळतच नाही. असे असले तरी थोड्या पाण्यात किती पिल्ले एकत्र ठेवावीत, हा प्रश्न या जिल्ह्यात कापसाच्या भावापेक्षा जुना आहे, आणि तो निरनिराळ्या काळात निरनिराळ्या लोकांना, निरनिराळ्या कारणांनी पडत आलेला आहे.

शेजारच्या भंडारा आणि चांदा प्रांताशी तुलना केली म्हणजे यवतमाळचे वेगळेपण ध्यानात येते. तिकडे गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी लोकांनी शेकडो तलाव बांधले, पुढे मालगुजारी पद्धतीत ते मालगुजारांच्या ताब्यात आले, आणि धानाच्या शेतीबरोबर ढिवरांची मासेमारीही त्या तलावांच्या आधाराने स्थिरावली. वऱ्हाड मात्र निजामाकडून १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आले, येथे रयतवारी लागू झाली, आणि काळ्या जमिनीत कापूस पिकविणाऱ्या रयतेला तलाव बांधून धान काढण्याचे प्रयोजन नव्हते. त्यामुळे येथील भोयांच्या वाट्याला तळी आली नाहीत, डोह आले. दक्षिणेकडून पैनगंगा, पूर्वेकडून वर्धा, आणि मधल्या मुलखातून पूस, अरुणावती, अडाण, बेंबळा अशा नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात खऱ्या, पण चैत्र-वैशाखात त्यांची धार तुटते आणि खडकाच्या खोलगट बेचक्यांतून तेवढे पाणी साचून राहते. नदीभर पसरलेली मरळ, वाम, शिंगाडा, झिंगे ही सारी जीवसृष्टी त्या सुमारास अशा चार-दोन डोहांत गोळा होते. मर्यादित पाण्यात अमर्याद गर्दी करण्याचा हा निसर्गाचा वार्षिक प्रयोग होय.

या प्रयोगात कोण टिकते याचे उत्तर बहुधा मरळ असेच येते. पाणी उष्ण होऊन त्यातील प्राणवायू घटला की इतर मासे तडफडतात. मरळ मात्र पृष्ठभागावर तोंड काढून सरळ हवा घेते, कारण तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेवर चालणारे एक निराळे इंद्रिय असते. म्हणूनच बाजारात ती टोपलीत, ओल्या गवताखाली, तासन् तास जिवंत राहते आणि चढा भाव मिळविते. विणीच्या हंगामात ती काठालगतचे पाणवनस्पतींचे जाळे बाजूला सारून जागा साफ करते; अंडी तरंगती असतात; आणि पिल्ले बाहेर पडल्यावर त्यांचा थवा नारिंगी झाक मारीत पाण्यावर हलू लागला म्हणजे त्याच्या खाली पालक मासा राखणीला असतोच. ही वत्सलता पाहून एखाद्या कीर्तनकाराने दृष्टांत रचावा इतकी ती हृद्य आहे. मात्र कीर्तन तेथेच आटोपते घ्यावे हे बरे, कारण पुढील काही आठवड्यांत तीच भावंडे एकमेकांना गिळू लागतात.

हे का घडते, याचा विचार करण्यासारखा आहे. एकाच दिवशी, एकाच थव्यात जन्मलेल्या पिल्लांपैकी एखाद्याला दोन घास अधिक मिळतात आणि ते किंचित पुढे जाते. त्याच्या जबड्याचा घेर मागे राहिलेल्या भावंडाच्या डोक्याएवढा झाला की भावंड हेच त्याचे अन्न होते. आणि ते अन्न इतके सकस की त्या एका घासाने त्याची आघाडी आणखी वाढते. वाढीतील फरक असा स्वतःलाच पोशीत जातो. अर्थात् गर्दी हे भक्षणाचे कारण मानले जाते ते अर्धेच खरे आहे. समान आकाराची, पोटभर खाल्लेली शंभर पिल्ले एकत्र नांदतात; असमान आकाराची दोन पिल्लेही नांदत नाहीत. मरळीची पिल्ले पाळणाऱ्यांना म्हणून ती वरचेवर चाळून लहान-मोठी निराळी करावी लागतात.

योगायोग असा की ज्या १८६४ साली या जिल्ह्याची निर्मिती झाली, त्याच साली मेक्सिकोतून ३४ अॅक्झोलॉटल पॅरिसला जाऊन पोहोचले. बेडकाच्या दूरच्या कुळातला हा प्राणी जन्मभर पाण्यात राहतो, प्रौढ झाल्यावरही त्याच्या मानेभोवती बाह्य कल्ल्यांचे झुबके तसेच असतात, आणि मेक्सिको शहरालगतच्या सरोवरांखेरीज तो निसर्गात कोठेही नव्हता. त्यांपैकी सहा, म्हणजे पाच नर आणि एक मादी, ऑग्युस्त द्युमेरील या प्राणिशास्त्रज्ञाच्या हाती आले, पुढच्याच वर्षी त्यांची वीण झाली, आणि युरोपातील प्रयोगशाळांतून त्यांची संतती पसरली. या पिल्लांना हौदात एकत्र ठेवणाऱ्यांपुढे जो प्रश्न उभा राहिला तो आमच्या डोहातलाच होता: पिल्ले एकमेकांचे पाय आणि कल्ले कुरतडतात. फरक एवढाच की अॅक्झोलॉटलला तुटलेला पाय पुन्हा फुटतो, त्यामुळे पाळणाऱ्याची चूक काही आठवड्यांत झाकली जाते. मरळीच्या हौदात चुकीचा पुरावाही उरत नाही, केवळ गिनती कमी भरते.

गिनतीचा विषय निघाला आहे तर सरकारकडे वळले पाहिजे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर पुसदजवळ पूस, पैनगंगेवर इसापूर, तसेच अरुणावती, बेंबळा अशी धरणे बांधली गेली, आणि ज्या जिल्ह्यात डोहांशिवाय पाणी नव्हते तेथे हजारो हेक्टरांचे जलाशय पसरले. या पाण्यात सोडावयाचे मासे डोहातले नव्हते. ते कटला, रोहू आणि मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मासे होते. त्यांचे बीज पूर्वी बंगालच्या नद्यांतून पुराच्या वेळी गोळा करीत आणि मातीच्या हंड्यांत घालून हावड्याहून आगगाडीने दूरदूरच्या प्रांतांत धाडीत; बरोबरचा माणूस वाटभर हंडी हलवीत, मेलेली पिल्ले काढीत आणि पाणी बदलीत बसे. ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी माशाच्याच पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची वीण घडवून आणली, तेव्हा कोठे नदीच्या लहरीवरचे हे अवलंबन सुटण्याचा मार्ग दिसला. बीज तळ्याकाठी तयार होऊ लागले, आणि त्याबरोबर दाटीचे शास्त्रही छापील झाले.

हे शास्त्र तीन पायऱ्यांचे आहे. अंड्यातून नुकतेच निघालेले, पाच-सहा मिलिमीटरांचे जिरे वाटीने मापतात, कारण मोजणे अशक्य. एका मिलिलिटरात सुमारे ५०० जिरे मावते. संगोपनतळ्यात ते हेक्टरी ३० ते ५० लाख सोडतात आणि पंधरा-वीस दिवसांत त्यातले निम्मे जगले तरी तळेवाला समाधान मानतो. त्यापुढच्या तळ्यात हेक्टरी दोन-तीन लाख, आणि बोटाएवढी बोटुकली झाल्यावर कायमच्या तळ्यात हेक्टरी ५ ते १० हजार. कार्पचे पिल्लू भावंडाला गिळत नाही. दाटीचा सूड ते निराळ्या रीतीने घेते, म्हणजे वाढतच नाही. वर्षभर कोंडलेले पिल्लू वीतभरही होत नाही, पण त्याला प्रशस्त पाणी आणि पोटभर खाद्य मिळाले की ते मागची सारी थकबाकी झपाट्याने वसूल करते; आणि आंध्रातील व्यापारी तळेवाल्यांनी या खोडीचाच धंदा केला, मुद्दाम दाटीत खुजे ठेवलेले बीज ते मोठ्या तळ्यात सोडतात. वाहतुकीपूर्वी पिल्ले जाळीच्या हाप्यात उपाशी आणि दाटीत ठेवतात तीही याच कुळातली युक्ती आहे; पोट रिकामे झाले की प्रवासात पाणी घाण होत नाही.

संगोपनतळे तयार करण्याच्या विधीत एक गोष्ट यवतमाळकराला ऐकल्याबरोबर आपली वाटेल. पिल्ले सोडण्यापूर्वी तळ्यातील शिकारी मासे, त्यात मरळ अग्रगण्य, नाहीसे करावे लागतात, आणि त्यासाठी मोहाच्या बियांची ढेप हेक्टरी दोन-अडीच हजार किलो टाकतात. ढेपेतील सॅपोनिनाने मासे मरतात. ते खाण्यास अपायकारक नसतात. आणि दोन-तीन आठवड्यांत विष ओसरून तीच ढेप तळ्याचे खत होते. कोलाम-गोंडांच्या रानातला मोह असा गंगेच्या माशांच्या कामी आला आणि डोहातली मरळ त्याच मोहाने हटविली गेली, यात जो विरोधाभास आहे तो मला तरी खटकतो.

जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने देतात, आणि ठेक्याच्या अटींत किती बोटुकली सोडावयाची तेही लिहिलेले असते. येथे जुन्या अमदानीची आठवण होते. पडीत गावे इजाऱ्याने देऊन ती वसविण्याचा रिवाज या जिल्ह्यात मोठा होता, आणि ‘इजारा’ हे पद आजही कित्येक गावांच्या नावाला चिकटून आहे. इजारदाराकडून सरकार एकर मोजून घेई. ठेकेदाराकडून नग मोजून घेते. नग मोजणे सोपे आहे, कारण ते सोडण्याच्या दिवशी आणि काठावर उभे राहून करता येते; पिल्ले समान आकाराची होती काय, हे त्या कागदावर विचारले जात नाही. प्रशस्त जलाशयात ही उणीव खपून जाते, कारण तेथे मागे पडलेल्याला पळण्यास जागा असते.

शेततळ्यात ती खपत नाही. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली आणि कोरडवाहू यवतमाळात शेताच्या कोपऱ्यात तळी खणली जाऊ लागली. त्यातले मोठ्यात मोठे तळे ३० मीटर लांब, तितकेच रुंद आणि तीन मीटर खोल. वरून मापले तर नऊ आर, उतरत्या बाजूंमुळे तळाशी त्याहून पुष्कळ कमी. छापील प्रमाणाने त्यात ४५० ते ९०० बोटुकली बसते, आणि उन्हाळा लागला की पाणीच डोहासारखे आकसते. शेतकऱ्याला या हिशेबात नेहमी मोह पडतो तो स्वस्त जिऱ्याचा. माझे मत असे की ज्याचे पाणी सहा-आठ महिन्यांचे आहे त्याने जिऱ्याच्या वाटेला जाऊ नये, मोठी बोटुकली थोडी घ्यावी, आणि मरळ पाळण्याची हौस असेल तर दुसरा हौद बांधल्याशिवाय पहिल्यात पिल्लू सोडू नये. चाळून काढलेली मोठी पिल्ले ठेवण्यास जागा नसेल तर चाळणे हे नुसते कर्मकांड ठरते. जागा एकच असेल तर मोठी पिल्ले विकावी. लहानांसोबत मोठ्यांना राखणे हा व्यवहार नव्हे.

एका माशापुढे मात्र ही सारी विचक्षणा फोल होते. १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया, ज्याला बाजारात चिलापी म्हणतात, तो लहानपणीच प्रौढ होतो, मादी अंडी तोंडात धरून उबविते, आणि पाहता पाहता तळे बोटभर लांबीच्या, न वाढणाऱ्या माशांनी भरून जाते. मेक्सिकोत सोचिमिल्कोच्या कालव्यांत मत्स्योत्पादनाच्या सद्हेतूने सोडलेले कार्प आणि तिलापिया अॅक्झोलॉटलची अंडी-पिल्ले खाऊ लागले, आणि प्रयोगशाळांत विपुल असलेला तो प्राणी आपल्या मूळ पाण्यात दुर्मीळ झाला. आपल्याकडे ओढ्याच्या पुराबरोबर चिलापी शेततळ्यात शिरली की किती पिल्ले एकत्र ठेवावीत हे ठरविण्याचा अधिकार मालकाकडे राहत नाही. त्याने उन्हाळ्यात तळे आटवावे, उरलेल्या पाण्यात मोहाची ढेप टाकावी, आणि मृग लागल्यावर नव्याने बोटुकलीचा सौदा करावा.