रिदम गेम खेळून अंगठा दुखतो? दुर्लक्ष करू नका

कासूहून एक आई दहावीची परीक्षा झालेल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. मुलगा सुट्टीत पेणच्या गणपती कारखान्यात रंगकाम करत होता, पण आता हातात ब्रश धरवत नव्हता. पडला नव्हता, मुरगळले नव्हते. विचारल्यावर कळले, की मामाने दिलेल्या हातातल्या कन्सोलवर तो रोज तीन-चार तास रिदम गेम खेळतो.

अंगठाच का दुखतो?
रिदम गेममध्ये गाण्याच्या ठेक्यावर बटण दाबावे लागते. कन्सोलचे वजन बोटांवर असते आणि ठेका अंगठे धरतात. अंगठा वर आणि बाहेर नेणाऱ्या दोन कंडरा मनगटाजवळ एका अरुंद बोगद्यातून जातात. सतत घासल्याने बोगद्याचे आवरण जाड होते, कंडरा अडकतात आणि दुखू लागते. स्विस सर्जन फ्रिट्झ द केरव्हेन यांनी १८९५ मध्ये या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांनाही हा त्रास होतो.

व्हिडिओ गेम आणि अंगठ्याचे दुखणे यांचा संबंध नवा नाही. सलग ५ तास गेम खेळून अंगठा दुखावलेल्या ३५ वर्षांच्या महिलेची नोंद १९९० मध्येच ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आली होती.

कसे ओळखाल?
- अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखणे किंवा सूज
- बाटलीचे झाकण उघडताना, कपडे पिळताना कळ येणे
- अंगठा मुठीत घेऊन मनगट हळूच करंगळीकडे वाकवल्यास तीव्र कळ येणे (जोर लावू नका)

घरी काय कराल?
- दोन-तीन आठवडे गेम बंद. मोबाइलवर अंगठ्याने टाइप करणेही कमी करा.
- फडक्यात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा लावा.
- अंगठ्यालाही आधार देणारा पट्टा वापरा. फक्त मनगटाचा पट्टा पुरत नाही.
- जोरात चोळणे, अंगठा ओढून ‘बसवणे’ टाळा.
- वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

बहुतेकांना एवढ्याने आराम पडतो. न पडल्यास स्टिरॉइडचे इंजेक्शन चांगले काम करते. शस्त्रक्रिया क्वचितच लागते.

डॉक्टरांकडे कधी जावे?
दोन आठवड्यांत फरक नसेल, बोटे बधिर होत असतील, पकड सुटत असेल, किंवा सूज लाल-गरम होऊन ताप आला असेल तर थांबू नका.

कान आणि डोळेही जपा
ठेका नीट ऐकू यावा म्हणून मुले हेडफोनचा आवाज वाढवतात, रोह्याच्या मेमूत तर आणखीच. जागतिक आरोग्य संघटनेनुसार मुलांसाठी सुरक्षित मर्यादा आठवड्याला ४० तास, तीही ७५ डेसिबलपर्यंतच. कानात शिटी वाजल्यासारखे वाटले तर आवाज जास्त झाला असे समजा. दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब पाहा. फिट्स येत असतील तर लखलखणाऱ्या दृश्यांचे गेम खेळण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पालकांसाठी
कन्सोल हिसकावून घेतलात, तर पुढच्या वेळी मूल दुखणे लपवेल. त्यापेक्षा दोन-तीन गाणी झाली की पाच मिनिटे हात मोकळे, असा नियम दोघांनी मिळून ठरवा. आणि दुखले की त्या दिवशी खेळ थांबवायचा. दुखऱ्या अंगठ्याने सराव केल्यास आजार लांबतो.