पुरोगामित्वाची कीर्ती आणि लोकसंख्येची घडण : वऱ्हाडातील नगरांच्या संदर्भात

एखाद्या नगरास 'पुरोगामी' हे विशेषण लावण्याचा प्रघात मराठीत फार जुना नाही. 'पुरस्' म्हणजे पुढे आणि 'गामिन्' म्हणजे जाणारा, अशी या शब्दाची उघड फोड आहे; परंतु विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून, विशेषतः १९३६ साली लखनौस पुरोगामी लेखकांचा संघ स्थापन झाल्यानंतर, तो एका विचारपक्षाचे नाव म्हणून रूढ होत गेला. त्यापूर्वीचे एकोणिसावे शतक 'सुधारणा' या शब्दाचे होते. आगरकरांनी १८८८ साली काढलेल्या पत्राचे नाव 'सुधारक' हेच होते. या दोन शब्दांत एक व्याकरणिक भेद आहे आणि तो लक्षात घेण्याजोगा आहे. 'सुधारणा' म्हटले की ती कशाची, हा प्रश्न लगेच उभा राहतो. विवाहाची, शिक्षणाची, देवळाच्या दाराची. 'पुरोगामी' या पदास अशा कोणत्याही कर्माची अपेक्षा नसते. ते विशेषण व्यक्तीला, पक्षाला, वृत्तपत्राला किंवा नगराला सहज चिकटते आणि काय केले याचा हिशेब न देताही चिकटून राहते.

याच्या विरुद्ध टोकास 'मागासलेला' हे धातुसाधित आहे. 'मागासणे' हे क्रियापद अकर्मक आहे. कोणी तरी कोणाला तरी मागे ठेवले, हा अर्थ त्याच्या रचनेत बसूच शकत नाही. मागासलेला माणूस आणि मागासलेला प्रदेश हे दोन्ही जणू आपल्या आपण मागे पडले, असे ही भाषा गृहीत धरते. मुंबई इलाख्यात स्टार्ट समितीने १९३० साली मागासलेल्या वर्गांची अस्पृश्य, आदिवासी आणि इतर अशी त्रिविध विभागणी केली. पुढे तेच विशेषण भूप्रदेशासही लागले. १९५३ चा नागपूर करार व १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल यांच्या दरम्यानच्या काळात विदर्भासंबंधी ते इतके वापरले गेले, की ज्या वऱ्हाडास कापसाच्या तेजीत लोक 'सोन्याची कुऱ्हाड' म्हणत, तोच प्रांत मागासलेपणाचे उदाहरण ठरला. दांडेकर समितीचा अनुशेष रस्ते, सिंचन, शाळा, वीज अशा मोजता येणाऱ्या गोष्टींचा होता. तो सामाजिक विचाराचाही अनुशेष आहे, अशी समजूत मात्र कोणत्याही मोजणीवाचून पसरली. पुणे पुरोगामी आणि वऱ्हाड मागास, ही जोडी अशी तयार झाली. तिचा लोकसंख्येच्या घडणीशी काय संबंध आहे, हे पाहण्यासारखे आहे.

अंजनगाव सुर्जी हे नाव इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत एका ओळीपुरते येते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा तह झाला आणि ३० डिसेंबरला शहानूर नदीकाठच्या या गावी दौलतराव शिंदे व आर्थर वेलस्ली यांच्यात तह झाला. या घडामोडींत वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड निजामाच्या पदरात पडले आणि १८५३ साली ते इंग्रजांच्या ताब्यात आले. येथील समाजाच्या दृष्टीने तहापेक्षा पुढची पन्नास-साठ वर्षे अधिक निर्णायक ठरली. रयतवारी जमाबंदी, अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळातील कापसाची तेजी, लोहमार्ग, सरकी काढण्याचे व गठाणी बांधण्याचे कारखाने यांनी गावगाड्याबाहेर रोख मजुरी मिळण्याची सोय केली. मूर्तिजापूर ते अचलपूर ही अरुंद मापाची गाडीही, जी लोकांत 'शकुंतला' म्हणून ओळखली गेली आणि आता बंद पडली आहे, अंजनगावावरूनच जात असे.

गावाची वस्ती पाहिली तर ती एकजिनसी कधीच नव्हती. पानमळे व पानपिंपळी यांवर उपजीविका करणारा बारी समाज येथे ठळक आहे; कुणबी व माळी आहेत; अचलपूरच्या इमादशाहीच्या काळापासून या टापूत मुळावलेला मुसलमान समाज आहे; आणि महार समाज आहे. वऱ्हाडातील गावांत 'पुरा' व 'वेटाळ' हे शब्द वस्तीच्या विभागांसाठी वापरतात. बोलताना माणसाचा ठावठिकाणा वेटाळावरून सांगितला जातो आणि त्याबरोबर बहुधा जातही कळते. १९०१ च्या गणनेत वऱ्हाडची लोकसंख्या २७,५४,०१६ भरली. १८९१ पेक्षा ती सुमारे दीड लाखाने कमी होती. मधल्या दुष्काळांचा तो परिणाम. त्या लोकसंख्येत कुणबी एक चतुर्थांशाहून अधिक आणि महार एक दशांशाहून अधिक होते. ब्राह्मण अगदी थोडे होते. परंतु वकिली, वृत्तपत्रे आणि सभा बहुतांशी त्यांच्या हाती होत्या. म्हणजे ज्यांच्या लेखणीतून नगराची कीर्ती घडत होती ते संख्येने अल्प, आणि ज्यांच्या वागणुकीवरून ती पारखली जावी असे वर्ग संख्येने विपुल, अशी ही रचना होती.

येथे अमेरिकेतील एका चर्चेची तुलना उपयोगी पडते. पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या ओरेगन राज्यातील पोर्टलंड हे नगर अलीकडच्या काळात पुरोगामी म्हणून ख्यातनाम आहे. २०१० च्या गणनेत तेथील कृष्णवर्णीयांचे प्रमाण शेकडा सहाच्या आसपास होते. त्याच गणनेत डेट्रॉइटमध्ये ते शेकडा ऐंशीच्या वर होते. पोर्टलंडचे हे प्रमाण आपोआप झालेले नाही. १८५७ साली ओरेगनच्या मतदारांनी गुलामगिरी नाकारली, आणि त्याच वेळी स्वतंत्र कृष्णवर्णीयांना राज्यात येऊन राहण्यास मनाई करणारे कलमही संमत केले. हे कलम राज्यघटनेतून निघाले ते १९२६ साली. ज्या नगरात समतेचा कस लावणारा शेजारीच विरळ, तेथे समतेची भाषा स्वस्त पडते, असा आक्षेप अमेरिकी अभ्यासक घेतात, आणि तो सर्वस्वी खोटा म्हणता येत नाही. अर्थात जात म्हणजे वंश नव्हे. डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या निबंधात आणि पुन्हा १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात जातीची वांशिक उपपत्ती नाकारली आहे. शिवाय भारतीय गावात अस्पृश्यास प्रवेशबंदी नव्हती; त्याच्या श्रमाची गरज होती, म्हणून त्यास गावाच्या कडेला ठेवले होते. तेव्हा तुलना एका मर्यादित मुद्द्यापुरतीच आहे : कीर्ती आणि कसोटी या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी घडू शकतात.

अमरावतीच्या बाबतीत हा मुद्दा विशेष स्पष्ट होतो. डिसेंबर १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली तेथे भरले. दादासाहेब खापर्डे, रंगनाथ नरसिंह मुधोळकर, मोरोपंत जोशी यांच्यासारख्या वकील-पुढाऱ्यांमुळे हे लहानसे नगर अखिल भारतीय राजकारणात मोठे झाले होते. सामाजिक परिषदही त्या वर्षी अमरावतीसच भरली. दोनच वर्षांपूर्वी पुण्यात सभेच्या मंडपात सामाजिक परिषद भरवू देण्यास इतका विरोध झाला होता, की ती दुसरीकडे भरवावी लागली. पुण्याने मंडप नाकारला आणि अमरावतीत न्यायमूर्ती रानडे यांनी पुनरुज्जीवन की सुधारणा, या विषयावरील आपले प्रसिद्ध व्याख्यान दिले. जुने तेवढे परत आणावयाचे म्हणता, तर नेमक्या कोणत्या काळाचे आणि कोणत्या चालीरीतींचे, असा त्यांचा सवाल होता. मराठी सुधारणावादाच्या इतिहासातील हा एक महत्त्वाचा क्षण. तो वऱ्हाडात घडला, ही गोष्ट मात्र पुण्याच्या इतिहासात विरघळून गेली आहे.

तथापि यावरून अमरावतीस उलट प्रशस्तिपत्र देणेही बरोबर नाही. अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९२७ साली तेथे चळवळ उभी राहिली. मंदिराच्या व्यवस्थापक मंडळाच्या प्रमुखपदी खापर्डे होते; टिळकांचे सहकारी, राष्ट्रीय वृत्तीचे, विद्वान. राजकारणात ते जहाल म्हणून गाजले, पण या प्रश्नावर दार उघडले नाही. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी इंद्रभुवन नाट्यगृहात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. परिषदेच्या वेळीच त्यांचे वडील बंधू बाळाराम यांच्या निधनाची वार्ता येऊन थडकली, आणि तरीही कामकाज चालले. विश्वस्तांना विचारास अवधी द्यावा म्हणून सत्याग्रह पुढे ढकलण्यात आला. महाडचा डिसेंबरमधील सत्याग्रह त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत झाला. गणेश आक्काजी गवई यांच्यासारखे अस्पृश्य समाजातील पुढारी आणि पंजाबराव देशमुख यांच्यासारखे कुणबी समाजातील तरुण बॅरिस्टर एका बाजूस उभे राहिले, ही या चळवळीची विशेषता. देशमुखांचा आंतरजातीय विवाह त्याच वर्षीचा. पुढे जिल्हा कौन्सिलच्या अध्यक्षपदावरून त्यांनी सार्वजनिक विहिरी खुल्या करण्याचा प्रयत्न केला आणि १९३२ साली शिवाजी शिक्षण संस्था स्थापिली.

ही युती कशी शक्य झाली, याचे उत्तर बहुतांशी लोकसंख्येच्या घडणीत आहे. वऱ्हाडातील ब्राह्मणेतर शेतकरी संख्येने मोठा होता, हाती कापसाचा पैसा होता, आणि नगराच्या प्रतिष्ठेत त्याचा वाटा अल्प होता. महार समाजही संख्येने मोठा होता आणि कारखान्यातील मजुरीने काही अंशी बलुत्यातून सुटला होता. नागपुरात हेच अधिक व्यापक प्रमाणावर दिसते. १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल, १९२० ची शाहू छत्रपतींच्या अध्यक्षतेखालील परिषद, १९४२ साली स्थापन झालेले शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची धम्मदीक्षा, ही सारी एकाच भूमीवरची. तरीही 'पुरोगामी' हे विशेषण नागपूर-वऱ्हाडास क्वचितच लागले. पुण्यात जोतीराव फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, हे खरे. परंतु त्याच नगराच्या नगरपालिकेत १९२५ साली फुल्यांच्या पुतळ्याच्या सूचनेस विरोध झाला आणि १९२९ साली पर्वतीच्या सत्याग्रहींवर दगड पडले, हेही खरे. पुण्याच्या कीर्तीत पहिली गोष्ट राहिली आणि दुसऱ्या दोन गळाल्या. छापखाने, महाविद्यालये आणि प्रमाण मानली गेलेली बोली जेथे असतात, तेथे आठवणींची निवड करण्याचा अधिकारही असतो. वऱ्हाडी बोलीस गावंढळ समजले जाई; तिच्यातून सांगितलेला विचारही मग गावंढळच ठरला. वस्तुतः ज्या ऋद्धिपुराशी आद्य मराठी गद्याचा संबंध आहे ते अमरावती जिल्ह्यातच आहे, आणि गोविंदप्रभूंच्या लीळांत अस्पृश्यांच्या वस्तीत त्यांचा वावर वारंवार आढळतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अंजनगाव तालुक्यातीलच आहे. गाडगेमहाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावी, परीट कुटुंबात झाला. त्यांचे कीर्तन हे प्रश्नोत्तराच्या रूपात चाले आणि ते आपल्या वऱ्हाडी बोलीत; नवस, पशुबळी, कर्ज, दारू आणि शिवाशीव यांवर त्यांचा रोख असे. पंढरपुरात त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधविली; १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. अशा पुरुषास 'संत' म्हटले गेले, 'समाजसुधारक'ही म्हटले गेले. ज्या तालुक्यात तो जन्मला, ज्या बारा जातींच्या गावांतून त्याची भाषा घडली, त्या टापूस मात्र त्या कीर्तीचा अंश मिळाला नाही. पुण्याचा सुधारक पुण्याचा असतो. वऱ्हाडचा सुधारक अखिल महाराष्ट्राचा होतो.

१९५६ नंतर या लोकसंख्येच्या नोंदीतच मोठा फेर झाला. आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रात १९५१ साली बौद्ध म्हणून नोंदलेले लोक २,४८७ होते. १९६१ साली ते २७,८९,५०१ झाले. या वाढीत विदर्भाचा वाटा मोठा आहे, आणि अमरावती व अकोला जिल्हेही त्यात येतात. दहा वर्षांत एवढ्या लोकांनी गणनेच्या तक्त्यातील आपला रकाना स्वतः बदलून घेतल्याचे उदाहरण भारताच्या जनगणनेत दुसरे सापडणे कठीण आहे. 'मागासलेला' या अकर्मक क्रियापदाने ज्यांचे वर्णन केले जाई, त्यांनी येथे सकर्मक क्रिया केली, असे भाषेच्या अभ्यासकास म्हणावेसे वाटेल. सर्व जातींची नोंद शेवटची झाली ती १९३१ साली. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने आगामी जनगणनेत जात नोंदविण्याचा निर्णय जाहीर केला आहे. ते तक्ते हाती येतील तेव्हा अंजनगाव, अचलपूर, आकोट यांसारख्या नगरांचे वेटाळवार चित्र पुण्याच्या पेठांशेजारी ठेवून पाहता येईल. मंदिरप्रवेश, विहिरी, शाळा आणि आंतरजातीय विवाह यांच्या स्थानिक नोंदी त्यासाठी आताच गोळा करून ठेवणे हे विभागातील विद्यार्थ्यांस सहज जमण्यासारखे काम आहे.