'जीझस म्युझिक'च्या तबकड्या : विस्मृतीत गेलेला एक दशकार्ध

अमेरिकेतील जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांत 'गॉस्पेल' अशी पाटी असलेला एक कप्पा बहुधा असतोच. चर्चमधील समूहगायन, नाताळची गीते आणि प्रवचने यांच्या तबकड्यांनी तो भरलेला असतो. त्यांच्यातच मधूनमधून वेगळी वेष्टने हाताला लागतात. त्यांच्यावर केस वाढवलेले, विटक्या जीन्स घातलेले आणि हाती इलेक्ट्रिक गिटार घेतलेले तरुण दिसतात. ही ध्वनिमुद्रिका रॉकच्या कप्प्यात असायला हवी होती, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात मात्र तिच्यातील गीते येशू ख्रिस्ताविषयीची असतात. 'जीझस म्युझिक' या नावाने ओळखल्या गेलेल्या या संगीताचा सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातील ठेवा शोधणारा, जमवणारा आणि पुन्हा ऐकणारा एक वर्ग आज तयार झाला आहे. हा केवळ हौसेचा मामला नाही. त्या काळातील अनेक ध्वनिमुद्रिका टिकल्या, त्या प्रामुख्याने अशा संग्राहकांच्या कपाटांत.

हिप्पींच्या पिढीतून

साठच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील हिप्पी तरुणांचा एक गट ख्रिस्ती धर्माकडे वळला. अमली पदार्थ आणि भटकंती मागे टाकणाऱ्या या तरुणांनी आपले संगीत मात्र सोडले नाही. २१ जून १९७१ च्या अंकात 'टाइम' साप्ताहिकाने या चळवळीला थेट मुखपृष्ठावर स्थान दिले. कोस्टा मेसा येथील कॅल्व्हरी चॅपल या चर्चचे धर्मगुरू चक स्मिथ यांनी या तरुणांना गिटार आणि ड्रमसह चर्चमध्ये येऊ दिले. त्यातूनच १९७१ मध्ये 'मारानाथा! म्युझिक' ही ध्वनिमुद्रण संस्था उभी राहिली. त्याआधी, १९६९ मध्ये, कॅपिटॉल कंपनीने लॅरी नॉर्मन या गायकाची 'अपॉन धिस रॉक' ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली होती. ख्रिस्ती रॉकची सुरुवात सामान्यतः तिच्यापासून मानली जाते.

या संगीताला विरोधही तितकाच तीव्र झाला. रॉकचा तालच मुळात सैतानी आहे, त्यात पवित्र शब्द घातल्याने तो शुद्ध होत नाही, असे अनेक उपदेशक सांगत होते. देवाला कोणत्या सुरांत आळवावे, हा प्रश्न मराठी वाचकांना अनोळखी नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंग आणि कीर्तनाच्या वळणावर नेली, त्यामागेही भाविकाला आपलीशी वाटेल अशा चालीचाच आग्रह होता. कॅलिफोर्नियातील तरुणांसाठी ती आपलीशी चाल रॉकची होती, एवढाच फरक.

१९७६ ते १९८० : बहराचा काळ

दशकाच्या पूर्वार्धात हे संगीत उत्साही असले तरी ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने बरेचसे कच्चे होते. उत्तरार्धात परिस्थिती बदलली. टेक्सासमधील वॅको येथील 'वर्ड' या जुन्या ख्रिस्ती कंपनीने १९७२ मध्येच तरुणांसाठी 'मर्ह' हा उपविभाग काढला होता. बाळ येशूला अर्पण केलेल्या गंधरसावरून हे नाव घेतले गेले. त्या विभागाची धुरा सांभाळणारे बिली रे हर्न यांनी १९७६ मध्ये 'स्पॅरो' ही स्वतंत्र कंपनी स्थापन केली. लॅरी नॉर्मन यांची 'सॉलिड रॉक' ही संस्थाही याच सुमारास काम करू लागली. चांगले स्टुडिओ, मुरलेले वादक आणि पुरेसा वेळ या कलावंतांना प्रथमच मिळू लागला.

संग्राहक आवर्जून शोधतात त्या ध्वनिमुद्रिका मुख्यतः याच पाच वर्षांतील आहेत. नॉर्मन यांची 'इन अनदर लँड' आणि रँडी स्टोनहिल यांची 'वेलकम टू पॅरडाइज' या दोन्ही १९७६ च्या. १९७७ मध्ये कीथ ग्रीन यांची पहिली ध्वनिमुद्रिका 'फॉर हिम हू हॅज इअर्स टू हिअर' आली. त्याच वर्षी 'सेकंड चॅप्टर ऑफ अॅक्ट्स' हे भावंडांचे त्रिकूट आणि गिटारवादक फिल केगी यांच्या मैफलींची तीन तबकड्यांची 'हाउ द वेस्ट वॉज वन' प्रसिद्ध झाली. केगी यांची 'द मास्टर अँड द म्युझिशियन' ही १९७८ ची ध्वनिमुद्रिका केवळ वाद्यसंगीताची आहे. शब्दांशिवाय संगीत 'ख्रिस्ती' कसे ठरते, हा प्रश्न तिने सहजच उभा केला. आंद्रे क्राउच यांची 'लाइव्ह इन लंडन' कृष्णवर्णीयांच्या गॉस्पेल परंपरेतून आलेली. शाळकरी वयातील एमी ग्रँट यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९७७ ची आहे. पुढे या संगीताला घरोघरी पोहोचवणारे नाव ते हेच.

ब्रिटनमध्ये १९७४ पासून 'ग्रीनबेल्ट' हा महोत्सव भरू लागला होता. लोकप्रियतेच्या शिखरावर जाऊन आलेले क्लिफ रिचर्ड यांनी १९७८ मध्ये 'स्मॉल कॉर्नर्स' ही धार्मिक गीतांची ध्वनिमुद्रिका काढली. क्लिफ यांचा जन्म १९४० मध्ये लखनौ येथे झाला, हे त्यांच्या भारतीय चाहत्यांना ठाऊक असेलच. या साऱ्यावर कळस चढवला तो १९७९ मध्ये बॉब डिलन यांच्या 'स्लो ट्रेन कमिंग'ने. अलाबामातील मसल शोल्स येथे ध्वनिमुद्रित झालेल्या या गीतांसाठी मार्क नॉफ्लर यांनी गिटार वाजवली. 'गॉटा सर्व्ह समबडी' या गीताने डिलन यांना ग्रॅमी पुरस्कारही मिळवून दिला.

श्रद्धेची किंमत किती?

या कलावंतांपुढचा खरा पेच संगीताचा नव्हता, व्यवहाराचा होता. देवाचा संदेश विकावा का, आणि विकलाच तर कितीला? कीथ ग्रीन यांनी हा प्रश्न टोकाला नेला. स्पॅरो कंपनीशी असलेल्या करारातून त्यांनी स्वतःला मोकळे करून घेतले आणि घर गहाण ठेवून १९८० मध्ये 'सो यू वाना गो बॅक टू ईजिप्ट' ही ध्वनिमुद्रिका स्वतःच काढली. तिच्यावर किंमत नव्हती. ज्याला जेवढे परवडेल तेवढे त्याने द्यावे, परवडत नसेल तर तशीच न्यावी, अशी योजना होती. मे १९८२ पर्यंत दोन लाखांहून अधिक प्रती रवाना झाल्या, त्यांपैकी सुमारे ६१ हजार विनामूल्य. तिच्यातील एका गीतात डिलन यांनी हार्मोनिका वाजवली आहे. २८ जुलै १९८२ रोजी टेक्सासमध्ये झालेल्या छोट्या विमानाच्या अपघातात ग्रीन, त्यांची दोन मुले आणि अन्य नऊ जण मृत्युमुखी पडले. ग्रीन तेव्हा अवघ्या २८ वर्षांचे होते.

शिकागोतील एका ख्रिस्ती सहनिवासातून आलेल्या 'रेझरेक्शन बँड'ची अडचण वेगळी होती. त्यांचे कर्कश हार्ड रॉक ऐकून अनेक कंपन्यांनी त्यांना परत पाठवले. अखेर 'स्टार साँग' या संस्थेने १९७८ मध्ये त्यांची 'अवेटिंग युअर रिप्लाय' काढली, तेव्हा कित्येक ख्रिस्ती दुकानांना ती विक्रीस ठेवणे प्रशस्त वाटले नाही.

'डॅनियल एमॉस' या वाद्यवृंदाची कहाणी संग्राहकांमध्ये सर्वाधिक सांगितली जाते. १९७६ मध्ये कंट्री शैलीतील पहिली ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या या वाद्यवृंदाने 'शॉटगन एंजल' नंतर आपला सूर पूर्णपणे बदलला आणि 'हॉरेंडस डिस्क' ही रॉक ध्वनिमुद्रिका तयार केली. ती 'सॉलिड रॉक'कडून यायची होती. पण सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तयार झालेली ही तबकडी १९८१ पर्यंत श्रोत्यांच्या हाती पडलीच नाही. त्याच वर्षी वाद्यवृंदाची त्यापुढची, आणखी वेगळ्या वळणाची 'अलार्मा!' ही ध्वनिमुद्रिकाही आली. परिणामी मधला टप्पा श्रोत्यांना कळण्याआधीच जुना झाला. पुढे ही ध्वनिमुद्रिका सीडीवर आली आणि तिला तिची खरी जागा मिळाली.

वेगळी दुकाने, वेगळा इतिहास

एवढे सगळे असूनही रॉकच्या रूढ इतिहासात या संगीताला फारशी जागा का नाही? त्याचे उत्तर विक्रीच्या व्यवस्थेत सापडते. डिलन किंवा क्लिफ यांचे अपवाद सोडले, तर या तबकड्या प्रामुख्याने बायबल आणि धार्मिक पुस्तके विकणाऱ्या ख्रिस्ती दुकानांत आणि मैफलींनंतर मांडलेल्या टेबलांवर विकल्या गेल्या. सर्वसाधारण दुकानांच्या खपावर आधारलेल्या याद्यांमध्ये त्यांची नोंद होत नसे. ख्रिस्ती दुकानांतील विक्री 'साउंडस्कॅन' या मोजणी यंत्रणेत समाविष्ट झाली ती १९९५ मध्ये. ज्याची मोजदाद झाली नाही, त्याची समीक्षाही फारशी झाली नाही.

त्यातच कंपन्या एका हातून दुसऱ्या हाती गेल्या. स्पॅरो १९९२ मध्ये ईएमआयकडे गेली आणि ईएमआयच २०१२ मध्ये युनिव्हर्सलमध्ये विलीन झाली. वर्ड कंपनी थॉमस नेल्सन, गेलॉर्ड आणि वॉर्नर असा प्रवास करत राहिली. प्रत्येक हस्तांतरात ज्यांचा खप मोठा ती नावे सांभाळली गेली, लहान कलावंत मागे पडले. काही ध्वनिमुद्रिका सीडीवर आल्या, काही आज इंटरनेटवर ऐकता येतात. पण सगळ्या नव्हेत. एखाद्या चर्चच्या वाद्यवृंदाने स्वखर्चाने काढलेल्या मोजक्या तबकड्यांना तर कुणी वालीच नव्हता.

संग्राहकाने काय पाहावे?

या क्षेत्रात प्रसिद्धी आणि किंमत यांचा मेळ बसतोच असे नाही. 'स्लो ट्रेन कमिंग' लाखोंनी खपली, त्यामुळे ती आजही सहज आणि स्वस्तात मिळते. याउलट ओहायोतील 'ऑल सेव्ह्ड फ्रीक बँड'सारख्या, स्वबळावर तबकड्या काढणाऱ्या गटांच्या मूळ प्रतींसाठी संग्राहक मोठी रक्कम मोजतात. या गटातील गिटारवादक ग्लेन श्वार्ट्झ हे पूर्वी 'जेम्स गँग' या प्रसिद्ध रॉक वाद्यवृंदात होते.

प्रत मूळ आवृत्तीची आहे की नंतरची, हे केवळ वेष्टनावरील सालावरून ठरवू नये. तबकडीवरील शेवटच्या खोबणीनंतर मधल्या कागदी लेबलापर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यावर कोरलेले क्रमांक पाहावेत. लेबलाचा रंग आणि त्यावरील कंपनीचा पत्ता यांवरूनही आवृत्ती ओळखता येते. वेष्टनाच्या मागे पट्टीसंकेत म्हणजे बारकोड असेल, तर ती प्रत सत्तरच्या दशकाच्या मध्यातील असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. वेष्टनाचा कापलेला कोपरा हा शिल्लक माल स्वस्तात काढल्याची खूण समजला जातो. आतील गीतांचा कागद शाबूत असेल तर किंमत वाढते. मुलांसाठीच्या 'द म्युझिक मशीन' किंवा 'बुलफ्रॉग्ज अँड बटरफ्लाइज' यांसारख्या तबकड्या मुलांनीच हाताळलेल्या असल्याने चरे न पडलेली प्रत मिळणे अवघड जाते.

तबकड्या नेहमी उभ्या ठेवाव्यात, एकावर एक रचू नयेत. उष्णतेने त्या वाकतात, तर मुंबई-गोव्यासारख्या दमट हवेत वेष्टनांना बुरशी लागते. आतील जुना कागदी लिफाफा बदलून नवा वापरावा. मात्र मूळ लिफाफ्यावर मजकूर असेल तर तोही जपून ठेवावा. संदर्भासाठी पॉल बेकर यांचे १९७९ चे पुस्तक आणि मार्क अॅलन पॉवेल यांचा २००२ मधील ख्रिस्ती संगीताचा कोश हे दोन ग्रंथ उपयोगी पडतात.

पुन्हा ऐकताना

आज या तबकड्या ऐकणाऱ्याला त्यांत दोन गोष्टी ठळकपणे जाणवतात. पहिली म्हणजे जगाचा अंत जवळ आल्याची भावना. हाल लिंडसे यांचे 'द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ' हे १९७० चे पुस्तक त्या पिढीने झपाटल्यासारखे वाचले होते. 'शॉटगन एंजल'ची दुसरी बाजू म्हणजे याच विषयावरची सलग गुंफलेली गीतमाला आहे. सुटी गीते ऐकण्याच्या आजच्या सवयीत तिचा परिणाम हरवतो; तबकडी उलटून सुई ठेवली की मगच ती रचना उलगडते. दुसरी गोष्ट म्हणजे शंका आणि विनोद यांना असलेला वाव. ऐंशीच्या दशकात हा व्यवसाय मोठा झाला, १९८२ च्या 'एज टू एज'ने एमी ग्रँट यांना प्लॅटिनम विक्रीपर्यंत नेले आणि संगीत अधिक नीटनेटके झाले. त्याआधीच्या तबकड्यांतील अस्वस्थता मात्र त्यात क्वचितच ऐकू येते.

या ठेव्याकडे बाहेरच्या जगाचेही लक्ष जाऊ लागले आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत लॅरी नॉर्मन यांच्या १९७२ च्या 'ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट'चा समावेश केला. नॉर्मन यांचे निधन त्यापूर्वीच, फेब्रुवारी २००८ मध्ये झाले होते. डिलन यांच्या त्या काळातील अप्रकाशित ध्वनिमुद्रणांचा 'ट्रबल नो मोअर' हा संच २०१७ मध्ये आला. २०२१ मध्ये 'द जीझस म्युझिक' हा माहितीपट आणि २०२३ मध्ये 'जीझस रिव्होल्यूशन' हा चित्रपट प्रदर्शित झाला. दरम्यान २०२० मध्ये अमेरिकेत तबकड्यांच्या विक्रीच्या उत्पन्नाने १९८६ नंतर प्रथमच सीडीला मागे टाकले.

तरीही वेळ थोडा आहे. ज्या तरुणांनी या तबकड्या नव्या असताना घेतल्या, ते आता सत्तरीच्या आसपास आहेत. घर आवरताना अशी खोकी एकगठ्ठा बाहेर जातात आणि त्यांतील ज्या तबकडीची दुसरी प्रत कुठेच नाही, तीही कुणाच्या लक्षात न येता भंगारात जाऊ शकते. म्हणूनच जाणते संग्राहक केवळ खरेदी करून थांबत नाहीत. तबकडीवरील क्रमांक, वादकांची नावे, स्टुडिओ आणि साल यांची नोंद ते करून ठेवतात. ज्या संगीताची नोंद त्याच्या काळाने घेतली नाही, त्याची वही आता श्रोत्यांनाच लिहावी लागत आहे.