तीन काड्यांची आरास

मुरुडला आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दोन्ही अंगांना ऊस उभे करावयाचे आणि मधोमध झेंडूची रास ओतावयाची, अशी रीत आहे. फुले जितकी अधिक तितका सण मोठा, हा हिशेब मी लहानपणापासून मानीत आलो. २०१५ साली मात्र पावसाने पाठ फिरविली. पुढच्याच एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. तेव्हा त्या दिवाळीत आमच्या परसातल्या झेंडूची काय गत झाली असेल, हे वाचकांनीच ताडावे. आईने तांब्यात तगरीची एकच फांदी ठेवली. किंचित डावीकडे झुकलेली, टोकाशी दोन फुले. येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर मला तिची लाज वाटली. पुढे जपानी पुष्परचनेचा इतिहास वाचनात आला, आणि ती लाज अस्थानी होती हे हळूहळू ध्यानी आले.

जपानात या कलेला इकेबाना म्हणतात. तिचे मूळ बुद्धापुढे फुले वाहण्यात आहे, आणि ही वहिवाट तर आपल्या देशातली. मुरुडहून बार्शीच्या रस्त्याने ढोकीला जावे व तेथून आत वळावे, की तेर लागते. गोरोबाकाकांचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर नगरी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात तगरचा माल भडोचच्या बंदराला जात असल्याची नोंद आहे. येथले त्रिविक्रमाचे मंदिर मुळात बौद्धांचे विटांचे चैत्यगृह होते, असे अभ्यासक मानतात. तेरचीच फुले जपानला पोचली असे मी म्हणत नाही. परंतु फुले वाहण्याचा हा आचार चीन आणि कोरिया असे मुक्काम करीत बौद्ध धर्माबरोबर सहाव्या शतकात जपानला गेला.

तेथे गेल्यावर त्याने निराळे वळण घेतले. आपल्याकडेही सांचीच्या शिल्पांत पूर्णघटातून कमळे देठांसकट वर आलेली दिसतात. पण पुढे आपण फूल देठावेगळे करून ओवले, उधळले, राशीला लावले. जपान्यांनी देठ जपला. क्योतोच्या रोक्काकुदो मंदिरातील भिक्षूंच्या परंपरेला इकेनोबो, म्हणजे ‘तळ्याकाठची कुटी’, असे नाव आहे. तिच्यातल्या सेनकेई या भिक्षूने १४६२ साली सोन्याच्या पात्रात फुले रचली आणि ती पाहावयास नगरीतले रसिक लोटले, अशी नोंद त्या काळच्या एका रोजनिशीत सापडते. सोळाव्या शतकात त्याच परंपरेतील सेन्नो याने शिकविले, की वाळल्या फांदीतही फुलाइतकाच अर्थ असतो.

पुढे अठराव्या शतकात तीन मुख्य रेषांची सुटसुटीत रचना रूढ झाली. तिच्यात सगळे देठ पाण्यातून एकाच खोडासारखे एकत्र वर येतात आणि मग फाकतात. १९२७ साली सोफू तेशिगाहारा यांनी स्थापिलेल्या सोगेत्सू पंथात हा हिशेब आकड्यांत शिकवितात. पात्राची रुंदी व खोली यांची बेरीज करून तिची दीडपट घ्यावी. ती पहिल्या काडीची लांबी. दुसरी काडी पहिलीच्या पाऊण, तिसरी दुसरीच्या पाऊण. पात्र वीस सेंटिमीटर रुंद आणि चार खोल असेल, तर काड्या छत्तीस, सत्तावीस व सुमारे वीस सेंटिमीटरांच्या होतात. पहिली उभ्या रेषेपासून पंधरा अंश कलवावी, दुसरी पंचेचाळीस, तिसरी पंचाहत्तर. खिळ्यांच्या जड बैठकीत त्या रोवल्या, की मधली मोकळी जागाही आराशीचाच भाग होते. फूल त्यानंतर.

चहाविधीचा आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याची एक कथा सांगतात. त्याची बाग निळ्या पहाटवेलींनी बहरली आहे असे ऐकून सत्ताधीश हिदेयोशी पाहावयास आला. बागेत एकही फूल नव्हते. रिक्यूने सगळी खुडून टाकली होती. आत चहाच्या खोलीत एकच ठेविले होते.

ही कथा वाचताना मला आईची फांदी आठवली, आणि त्याबरोबर एक भेदही जाणवला. रिक्यूने फुले आपल्या मर्जीने खुडली होती. आमची उन्हाने जाळली होती. दुष्काळाला कला म्हणण्याचा अगोचरपणा मी करणार नाही. परंतु हाती एकच फांदी उरली असता ती फेकून न देता, कुठे कलते ते पाहून नीट उभी करणे, हे मात्र आईला कोणी न शिकविता साधले होते.

यंदा रास ओतण्यापूर्वी वाचकांनी एखाद्या पसरट भांड्यात तीन काड्या उभ्या करून पाहाव्यात. आमच्याकडे आता झेंडू असला तरी तांब्यातली फांदी असतेच. ती मी आईलाच ठेवावयास सांगतो. माझ्या हातून ती अजून सरळच उभी राहते.