वीज परत आणायलाही वीज लागते

घरात 'लाइट गेली' की आपण मेणबत्ती शोधतो आणि वाट बघत बसतो. ती परत आणणं कंपनीचं काम. ते किती अवघड आहे, हे न्यूयॉर्कच्या वीज कंपनीला 9 नोव्हेंबर 1965 च्या संध्याकाळी कळलं.

5 वाजून 16 मिनिटांनी कॅनडात, नायगाराजवळच्या सर अ‍ॅडम बेक वीजकेंद्रातल्या एका रिलेनं लाइन तोडली. लाइनमध्ये बिघाड नव्हता. रिलेच फार कमी भारावर लावून ठेवलेला. तिचा भार शेजारच्या चार लाइनींवर पडला, त्याही सुटल्या. काही मिनिटांतच न्यूयॉर्क अंधारात गेलं. एकूण सुमारे 3 कोटी लोकांची वीज गेली. नशीब, आकाशात पौर्णिमेचा चंद्र होता.

खरी अडचण पुढे आली. कोळसा किंवा तेल जाळणारं केंद्र बंद पडलं, की ते पुन्हा चालू करायला बॉयलरचे पंप आणि पंखे फिरवावे लागतात, आणि त्यांना वीज लागते. ती येणार कुठून? क्वीन्समधल्या रेव्हन्सवूड केंद्राच्या 'बिग अ‍ॅलिस' या अजस्र टर्बाइनचे तर तेलाचे पंपच थांबले. टर्बाइन तेलाविना फिरत राहिलं आणि बेअरिंग खराब झाली.

मग कॉन एडिसन कंपनीनं गॅस टर्बाइनं बसवली. बाहेरची वीज नसताना केंद्र सुरू करणं, याला 'ब्लॅक स्टार्ट' म्हणतात.

तयारी झाली म्हणायची? 13 जुलै 1977 च्या रात्री वीज कोसळून शहराकडे येणाऱ्या लाइनी तुटू लागल्या. नियंत्रण कक्षातून काही गॅस टर्बाइनं दुरून सुरू करायचा प्रयत्न झाला, पण त्या केंद्रावर माणूसच नव्हता. यंत्रं होती, पण चालली नाहीत. भार कमी करायला, म्हणजे काही भाग मुद्दाम अंधारात ठेवायलाही, उशीर झाला. माझ्या मते ही चूक 1965 पेक्षा मोठी, कारण या वेळी धडा माहीत होता. 9 वाजून 36 मिनिटांनी सगळं बंद पडलं. पूर्ववत व्हायला सुमारे 25 तास लागले.

तरीही कंपन्यांसाठीचे नियम बरीच वर्षं ऐच्छिकच राहिले. 2003 च्या ऑगस्टमध्ये सुमारे 5 कोटी लोक अंधारात गेले, तेव्हा कुठे चक्रं फिरली, आणि 2007 पासून नियम सक्तीचे झाले. आता ब्लॅक स्टार्टचं यंत्र दर तीन वर्षांत किमान एकदा, बाहेरची वीज मुद्दाम तोडून, चालवून दाखवावं लागतं.